साताऱ्याजवळचा फुलपाखरू महोत्सव: कोण कोण गेलं होतं? काय आवडलं, काय खटकलं

भटकी_साताऱ्याची
गणपती गेले की साताऱ्यात दोनच विषय असतात, कासला फुलं कितपत आलीत आणि पाऊस कधी उघडणार. यंदा तिसरा आला. यवतेश्वर घाटाच्या अंगाला एका गावात शाळा, ग्रामपंचायत आणि तरुण मंडळाच्या पोरांनी मिळून फुलपाखरांचा महोत्सव भरवला होता. नाव फुलपाखरांचं, पण आत मधमाश्या, भुंगे, पतंग सगळेच होते. सप्टेंबर महिना २०२० पासून देशभर बिग बटरफ्लाय मंथ म्हणून पाळतात त्याचं निमित्त. मी लेकीला घेऊन गेले होते. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी खटकलेलं सांगून टाकते म्हणजे विषय संपला. स्टेज! शाल, श्रीफळ, सत्कार, मग सत्काराला उत्तर, मग परत सत्कार. पाहुणे उशिरा आले आणि तोवर जाळीच्या खोक्यात फुलपाखरं कोंडून ठेवलेली, का तर पाहुण्यांच्या हस्ते सोडायची. शाळेच्याच कढीपत्त्यावर वाढवलेली लाईम बटरफ्लाय होती, म्हणजे बाहेरून आणलेली नव्हती हे मान्य, पण पंख आपटून आपटून दोघा-तिघांच्या कडा फाटलेल्या मला दिसत होत्या आणि पोरं विचारत होती की आत्ताच सोडा ना. खोकं उघडल्यावर टाळ्या झाल्या, फोटो झाले, काही उडाली, काही तिथंच गवतात बसली.

आता आवडलेलं. स्टेजच्या मागं, जिथं मांडव संपतो तिथं, शाळेच्या बाईंनी अळ्यांचं टेबल लावलं होतं. नुसत्या कुंड्या आणि फांद्या, पण गर्दी सगळी तिथं. लिंबाच्या फांदीवर लहान अळ्या अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झालेल्या हिरव्यागार. बाईंनी काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून लालसर दुशिंगी बाहेर काढते आणि असला उग्र आंबट वास सोडते की पोरं ईईई करून मागं पळायची आणि परत पुढं यायची. रुईच्या फांदीवर प्लेन टायगरची काळी-पांढरी-पिवळी पट्टेवाली अळी. पानफुटीच्या पानाच्या आतच पोखरून राहणारी रेड पिएरोची अळी, ती वरून दिसतच नाही, पान उजेडात धरायचं. आणि कण्हेरीच्या पानाखाली कॉमन क्रो चा कोष, विश्वास नाही बसणार, चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत, लेकीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं!

बाईंचं म्हणणं एकच होतं आणि ते त्या येईल त्याला न कंटाळता सांगत होत्या, की फुलं लावली की फुलपाखरं येतील असं सगळ्यांना वाटतं, ती येतातही, पण पाहुण्यासारखी, रस पितात आणि जातात. घर करायला त्यांना अंडी घालायचं झाड लागतं आणि ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं. मादी पानावर पाय आपटून चव घेते आणि झाड पटलं तरच अंडं घालते. रुई काढून टाकली की प्लेन टायगर गेला, मग तुम्ही झेंडूचे कितीही वाफे करा.

बाकी मुलांना पंख लावून मिरवणूक, ढोल, रांगोळी, ते छानच झालं. रात्री पतंगांचा पडदा होता, पांढरी चादर आणि दिवा, त्याबद्दल खाली लिहिते, आधी कुकर लावते.

कंदी_पेढा
फोटो कुठायत फोटो?

सांगलीची_सुगरण
ताई छान लिहिलंय. पण माझा एक प्रॉब्लेम आहे. विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत कुंडीतला कढीपत्ता आहे, मोठ्या कौतुकाने वाढवलेला, आणि दर पावसाळ्यात ह्याच हिरव्या अळ्या येऊन दोन दिवसात काड्या करून ठेवतात. मी आजवर चिमट्याने काढून खाली टाकायचे. आता हे वाचून वाईट वाटायला लागलंय. पण फोडणीला काय घालू मग?

निसर्गवेडा_कराड
@सुगरण ताई, कढीपत्ता मरत नाही, महिन्याभरात परत फुटतो, उलट छाटल्यासारखा जास्त फुटतो. अळ्या लाईम बटरफ्लायच्या किंवा कॉमन मॉर्मनच्या असणार. एक करा, शेजारी अजून एक कढीपत्ता किंवा ईडलिंबाचं रोप ठेवा आणि अळ्या त्यावर उचलून ठेवा. लिंबाच्या कुळातलं कुठलंही चालतं. नशीब असेल तर ब्ल्यू मॉर्मनही येईल, काळ्या पंखांवर निळा रंग, तळहाताएवढं. ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ साली जाहीर झालं, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्याचीही अळी ह्याच कुळातल्या झाडांवर वाढते. म्हणजे तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून राज्य फुलपाखरूच खाली टाकत असाल, सांगता येत नाही 😄

मूळ धाग्याबद्दल. मी पण होतो तिथं. खोकं उघडायच्या प्रकाराला माझा सक्त विरोध आहे आणि मी आयोजकांना तोंडावर सांगून आलोय. कोषातून बाहेर आल्यावर पंख वाळायला तास-दोन तास लागतात, ते झाल्यावर त्याला जायचं असतं, खायचं असतं, जोडीदार शोधायचा असतो. मोठं झालेलं फुलपाखरू बहुतेक वेळा काही आठवडेच जगतं, त्यातला अर्धा दिवस आपण भाषणासाठी घेतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बऱ्याच फुलपाखरांना संरक्षण आहे, ही जात साधी आहे म्हणून निभावलं, उद्या कोणी उत्साहात भलतीच पकडून आणली तर?

कंदी_पेढा
कराडकर, पोरं खुश झाली ना पण? सगळ्यात कायदा काढायचा नसतो भावा

अटलांटाकर
मी मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं इकडं अमेरिकेत. इथं असले महोत्सव गावोगाव होतात, ते बहुतेक मोनार्क फुलपाखराभोवती फिरतात. मोनार्क उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडून निघून थेट मेक्सिकोच्या डोंगरात थंडीला जातात, काही तर ४००० किलोमीटरच्या वर. महोत्सवात पोरांना पंख लावणं, मिरवणूक, रोपं वाटणं सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. एक वेगळं म्हणजे पंखाला नखाएवढा स्टिकर लावून सोडतात आणि तो मेक्सिकोत कोणाला सापडला की कळवतात, हे काम १९९२ पासून चालू आहे आणि त्यात साधी माणसं, शाळकरी पोरं भाग घेतात.

सोडण्यावरून इथंही भांडणं आहेतच. लग्नात, वाढदिवसाला कुरियरने फुलपाखरं मागवून सोडायची फॅशन आहे आणि अभ्यासक त्याला विरोध करतात, कारण गर्दीत वाढवलेल्या फुलपाखरांमधून रोग जंगलातल्यांत जातात आणि कुठली कुठं सोडल्यामुळं त्यांची नोंद ठेवणाऱ्यांचा सगळा हिशोब चुकतो. तुमच्याकडं शाळेच्या झाडावरची तिथंच सोडली, त्यात तेवढा धोका नाही. पण पाहुण्यांची वाट बघायला लावणं चूकच. मला वाटतं पुढच्या वेळी पाहुण्यांना सकाळी लवकर बोलवून कोषासमोर बसवा, निघालं फुलपाखरू तर निघालं, नाही तर नाही. भाषण आपोआप कमी होईल.

भटकी_साताऱ्याची
@अटलांटाकर शेवटची आयडिया भारी आहे, बाईंना कळवते.

आता पडद्याचं. अंधार पडल्यावर शाळेच्या मागच्या माळावर चादर बांधली आणि दिवा लावला. पहिला अर्धा तास काही नाही, डास आणि नाकतोडे. मग यायला लागले. एवढे प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं, वाळक्या पानासारखे, लाकडाच्या सालीसारखे, एक तर अक्षरशः फिकट हिरवा, लांब शेपट्यावाला, मून मॉथ. बाई म्हणाल्या की ह्या मोठ्या रेशमी पतंगांना नीट तोंडच नसतं, अळी असताना जे खाल्लं त्यावर पुढचे थोडे दिवस काढायचे, अंडी घालायची, संपलं. म्हणजे हे परागीभवनाच्या कामाचे नाहीत. कामाचे ते हॉक मॉथ, लांब सोंडेचे, फुलापुढं हवेत थांबून रस पिणारे. दुधी भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी का उमलतं ह्याचं उत्तर तिथं मिळालं, ह्या रात्रपाळीवाल्यांसाठी. पपईलाही हेच लागतात. गावातला एक म्हातारा शेतकरी हे ऐकून म्हणाला, आमी तर रातचं दिव्यावर आलं की चप्पल घिऊन मारतोय की. सगळे हसले पण त्याने नंतर बराच वेळ बाजूला थांबून बघितलं.

तासगावचा_बेदाणा
नमस्कार. सगळं वाचलं. लय गोड गोड चाललंय म्हणून थोडं तिखट लिहितो, राग मानू नका. असल्या कार्यक्रमात शेवटी शेतकऱ्यालाच दोषी धरतात, फवारण्या करता म्हणून. माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागला की डाउनी हा बुरशीचा रोग येतो आणि एका रात्रीत घड जातात, तेव्हा फवारू नको म्हणणाऱ्यानं माझं सोसायटीचं कर्ज भरावं. आणि द्राक्षाचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, त्याला माशी लागत नाही. उसाला लागत नाही, हळदीला लागत नाही. मग आमच्या भागानं मधमाशीचं एवढं कौतुक का करायचं?

भटकी_साताऱ्याची
राग कशाचा दादा, हाच प्रश्न तिथंही आला होता. आणि स्टेजवरच्या एका वक्त्याने त्यावर ते आइनस्टाईनचं वाक्य फेकलं, माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपणार.

निसर्गवेडा_कराड
आइनस्टाईन असं बोलल्याचा कुठेही पुरावा नाही, ते व्हॉट्सॲपचं ज्ञान. खरं काय ते त्यापेक्षा साधं आहे. जगात माणूस जी मुख्य अन्नपिकं घेतो त्यांच्या प्रकारांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना कीटक, पक्षी वगैरेंचा थोडाफार तरी उपयोग होतो. पण वजनात मोजलं तर एकूण उत्पादनाच्या ३५ टक्केच त्या पिकांतून येतं, कारण भात, गहू, मका, ज्वारी वाऱ्यावर नाहीतर स्वतःचं स्वतः फळतात. म्हणजे माणूस उपाशी मरणार नाही, पण ताटात भाकरी आणि साखर उरेल, भाजी-फळं-तेलबिया कमी होतील.

आणि तासगावकर, तुमच्या द्राक्षाला नसेल लागत पण कृष्णाकाठच्या वांग्याला लागतो की भुंगा! वांग्याचा पराग एका बारीक भोकातून बाहेर येतो, मिठाच्या डबीसारखं आहे ते, हलवल्याशिवाय पडत नाही. आपली मधमाशी तसं हलवू शकत नाही. भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला लटकून अंग थरथरवतात, गुंईई असा आवाज येतो, तो आवाज म्हणजे पराग पडतोय. वांगं थोडं आपोआपही धरतं, पण हे आले की जास्त धरतं. टोमॅटोचंही तसंच. आता ह्या रानमाश्या राहतात कुठं, तर बऱ्याचशा जमिनीत बीळ करून, तुमच्या-माझ्या बांधात. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत. त्यामुळं मला फवारणीपेक्षा बांधावरचं तणनाशक जास्त खटकतं. डाउनीचं औषध मारावंच लागतं, समजू शकतो. पण बांधावर रुई, टाकळा, एरंड, घोळ असली तर तुमचं काय बिघडलं? टाकळ्यावर पिवळी एमिग्रंट वाढतात, एरंडावर कॉमन कॅस्टर, घोळीवर डॅनाइड एगफ्लाय. बांध स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशक मारायचं आणि पाचट पेटवताना बांधही भाजून काढायचा, हे नुसतं दिसण्यासाठी चाललंय.

तासगावचा_बेदाणा
बांधाचं पटलं. पाचट मी जाळत नाही, कुट्टी करून सरीत गाडतो. पण बांधावर तण ठेवलं की शेजारी भांडायला येतो, तुझ्या तणाचं बी माझ्यात येतं म्हणून. ते पण बघा.

माणदेशी
आटपाडीकडून. तासगावकरांचं द्राक्षाला खरं असंल पण आमच्या डाळिंबाला माशीचा फरक पडतोच. ज्या वर्षी बागेत माशा फिरत्यात त्या वर्षी सेटिंग चांगलं होतंय, फळ पण गोल भरतंय. पूर्वी आपोआप यायच्या, आगी मोहोळं होती ओढ्याच्या झाडांना, आता न्हाईत. इथं काही जण फुलोऱ्यात मधपेट्या भाड्यानं आणत्यात. महोत्सवात पेट्यावालं कोण होतं का?

भटकी_साताऱ्याची
होते की, आणि माझ्या मते अळ्यांच्या टेबलानंतर तोच स्टॉल नंबर दोन. जावळीकडचे एक मधपाळ काका, काचेच्या पेटीत सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचं, पोळं लावून बसलेले. राणीमाशी शोधून दाखवा म्हणायचे, पोरं डोकं लावून बसलेली. त्यांच्याकडं जांभळाचा आणि हिरड्याचा मध होता. कारवीचा नव्हता, कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि ज्या वर्षी फुलते त्याच वर्षी मिळतो. ते इथं सदस्य आहेत, @मधपाळ_जावळी काका वाचताय का?

बाकी स्टॉलबद्दल थोडं वाईट लिहिते. रोपांच्या स्टॉलवर फुगीर पाकळ्यांची हायब्रीड फुलंच जास्त होती. दिसायला गच्च, पण त्या पाकळ्यांच्या गर्दीत रस शोधायला माशीला वावच नसतो. रुई, कृष्णकमळ, ईश्वरी मागितली तर स्टॉलवाला म्हणाला ती काय विकायची झाडं हायत का. आणि बांबूच्या नळ्या बांधून केलेलं मधमाश्यांचं घर म्हणून जे विकत होते त्याची किंमत ऐकून मी तिथून निघालेच. नळ्या दोन्हीकडून उघड्या, बोटभर लांब. त्यात कोण राहणार?

निसर्गवेडा_कराड
कोणी नाही. नळी मागून बंद पाहिजे आणि वीतभर तरी खोल. त्यापेक्षा घाणेरी-एरंडाच्या वाळक्या काड्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवा, फुकट. ईश्वरीचं रोप माझ्याकडं आहे, बी धरलं की देतो. क्रिमझन रोझ फुलपाखराची अळी तिच्या कुळातल्या झाडांशिवाय वाढतच नाही.

आजोळ_वाई
मी वय ७१, वाईत राहतो. आमच्या परसात हळदीकुंकूचं झाड आहे, लाल-पिवळ्या फुलांचं. त्यावर प्लेन टायगर कायम असतात. ते लावलेलं चांगलं की वाईट? कोणी म्हणालं परदेशी आहे, उपटा.

अटलांटाकर
काका, ते झाड अमेरिका खंडातलंच. इथं मोनार्कची अळी ह्याच कुळातल्या झाडांवर जगते. पण दक्षिणेकडच्या गरम भागात हळदीकुंकू बारा महिने हिरवं राहतं, त्यामुळं काही मोनार्क पुढं जायचं सोडून तिथंच रेंगाळतात आणि पानांवर एका परजीवीचा प्रादुर्भाव साठत जातो, म्हणून इथं ते छाटायला सांगतात. ती अडचण इथली. तुमच्याकडच्या प्लेन टायगरला तसा मेक्सिकोचा प्रवास नाही, त्यामुळं परसातलं एखादं झाड असू द्या असं माझं मत, फक्त बी उडून ओढ्याकडं पसरू देऊ नका. आणि जोडीला रुई लावा, ती आपली.

आजोळ_वाई
धन्यवाद. रुई मारुतीला वाहायला लागतेच. शनिवारी शेजारणी पानं तोडायला येतात, त्यांना अळीवालं पान सोडा म्हणून सांगावं लागेल.

सांगलीची_सुगरण
काका 😂 मारुतीला अळीसकट हार!

मी विचार केलाय, एक ईडलिंबाचं रोप आणते. कृष्णकमळाचा वेल पण लावू का ग्रिलवर?

निसर्गवेडा_कराड
लावा की, त्यावर टॉनी कोस्टर येईल, केशरी रंगाचं. अळ्या काटेरी दिसतात, घाबरू नका. आणि एक उथळ बशी माती-वाळू घालून ओली ठेवा. नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषायला बसतात, ते क्षार पुढं मिलनातून मादीकडं जातात.

कंदी_पेढा
कोणी कासचं सांगेल का, रविवारी पोरांना घेऊन यायचंय पुण्याहून. तेवढ्यासाठीच धागा उघडला होता, फोटो तर काय दिसत नाहीत.

भटकी_साताऱ्याची
रविवारी नका येऊ, मधल्या वारी या. ऑनलाईन बुकिंग करूनच निघा, रोजची संख्या ठरलेली असते. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास आलं आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसं जास्त. वाटेवरूनच चाला, फुलात बसून फोटो काढणाऱ्यांना मी हाक मारून उठवते, तुम्ही त्यात नसा म्हणजे झालं. सोनकी, तेरडा फुललाय. सोनकीवर बघा, पाच मिनिटं एका जागी उभं राहिलात तर मधमाश्या, माश्या, फुलपाखरं एवढी दिसतील. आणि फोटो रात्री टाकते!

मधपाळ_जावळी
नमस्कार. ताईंनी बोलावलं म्हणून आलो, मला टायपिंग जमत नाही फारसं, नातू लिहून देतोय.
माणदेशी भाऊ, तुमचा हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी धरलेला फुलोरा ना? मग आत्ताच ठरवा. आमच्या सातेऱ्या तुमच्या उन्हात टिकणार नाहीत, त्या डोंगरातल्या आहेत, आणि त्रास झाला की सातेरी घर सोडून जाते. तुम्हाला मेलिफेरा ह्या परदेशी माशीच्या पेट्या घ्याव्या लागतील, त्या ठेवणारे माझ्या ओळखीत आहेत. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे तिथंही चौकशी करा, प्रशिक्षण मिळतं. मांघर गाव २०२२ ला मधाचं गाव झालं, तिथंही जाऊन या एकदा, घरोघरी पेट्या बघायला मिळतील.
पेट्या बाग थोडी फुलायला लागली की ठेवायच्या. आधी ठेवल्या तर माशी दुसऱ्याच फुलाला लागते आणि मग डाळिंबाकडं बघत नाही. सावली पाहिजे, जवळ पाणी पाहिजे, पाण्यात खडे टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत. आणि फुलोऱ्यात फवारणी नको. अगदीच मारावी लागली तर माशी घरी गेल्यावर, दिवस मावळताना, आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला फोन करा.

माणदेशी
काका लय उपकार झालं. किती पेट्या लागतील चार एकराला आन भाडं काय बसंल?

मधपाळ_जावळी
ते पेटीवाला बाग बघून सांगेल, शेजारी काय फुललंय त्यावर असतं. नंबर मेसेज करतो. एक लक्षात ठेवा, गाडी दिवस मावळल्यावर पाठवा. दिवसा पेटी उचलली तर चरायला गेलेल्या माश्या मागंच राहतात.

माणदेशी
व्हय, रातचीच पाठवतो. शेजारचा फवारणीवाला माझा चुलताच हाय, त्याला आधी सांगून ठेवतो नायतर सगळं मुसळ केरात.

तासगावचा_बेदाणा
चुलत्याला मधाची बाटली कबूल करा, मग फोन न चुकता करतोय बघा.